फाईलला जडणारा विषाणू व त्याचे निर्मूलन



शाळेच्या वार्षिकात भाषेच्या शिक्षिकेने संगणकावर लेख लिहावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. मी कला शाखेची पदवीधर. घरी कोंकणी बोलणारी आणि वर्गात मराठी व इतिहास शिकविणारी. यंत्राशी माझा संबंध कामापुरता. परंतु गेल्या वर्षी आपल्या शाळेत जे घडले त्यामुळे मला हा विषय शिकावा लागला. ज्या चुकीने तो मला शिकविला, ती चूक आधी सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

पौष महिन्यात नववीच्या मुलींनी गावच्या मांडावर जाऊन धालोंची गीते गोळा केली होती. स्त्रिया समोरासमोर दोन रांगा करून, झुलत झुलत जी गीते म्हणतात, ती आता बहुतेक वृद्ध बायकांच्या मुखातच उरली आहेत. मुलींनी ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली आणि शाळेतील एका संगणकात साठविली. एकंदर 26 गीते जमली. त्याच सुमारास स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका छापून आणण्यासाठी मी पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेले, आणि परत आल्यावर तोच पेनड्राइव्ह त्या संगणकाला लावला. दुसऱ्या दिवसापासून यंत्र मंदावले. प्रोग्रॅम उघडता उघडता मिटू लागले. विषाणूंवर पहारा ठेवणारा अँटिव्हायरस तर दिसेनासाच झाला. कोणी सुचविले, "बाई, सगळे पुसून नव्याने घालू या, म्हणजे कटकट मिटेल." मी घाईने होकार दिला. एका दुपारी हार्ड डिस्क कोरी झाली आणि तिच्यावर सारे नव्याने भरले गेले.

गीते गेली ती तेव्हा. मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून मुलींनी मूळ मुद्रणे आधीच पुसली होती. पुष्कळ शोधाशोध केल्यावर एका विद्यार्थिनीच्या आईच्या मोबाईलवर 9 गीते सापडली. पावसाळा सरल्यावर उरलेली पुन्हा गोळा करावयास आम्ही निघालो, तेव्हा कळले की त्यांतील 6 गीते ज्यांच्या तोंडून आली होती, त्या आजी श्रावणातच निवर्तल्या होत्या.

पुढे जाणकारांना विचारून व पुस्तके चाळून मला जे समजले, ते एका वाक्यात सांगता येईल : आजारी होते ते यंत्र, गीते आजारी नव्हतीच. त्या जातीच्या विषाणूचा संसर्ग ध्वनिमुद्रणाला होत नाही. एवढा भेद मला त्या दिवशी ठाऊक असता, तर ती सहाही गीते आज आपल्यापाशी असती. तो भेद तुम्हांस नीट कळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संगणकात जे जे साठविलेले असते त्याला फाईल म्हणतात, हे तुम्ही जाणताच. परंतु फाईलींच्या दोन जाती मानाव्या लागतात. काही फाईली पाहण्या-ऐकण्यासाठी असतात. छायाचित्र, ध्वनिमुद्रण, टंकलिखित मजकूर या त्या होत. काही फाईली मात्र आज्ञांच्या बनलेल्या असतात. त्या 'चालवावयाच्या' असतात. त्यांना आपण प्रोग्रॅम किंवा आज्ञावली म्हणतो. विंडोजमध्ये अशा पुष्कळ फाईलींच्या नावाच्या शेवटी 'ईएक्सई' ही अक्षरे असतात. पत्र वाचणे निराळे आणि हुकूम पाळणे निराळे. तसाच हा फरक आहे. फाईलला जडणारा विषाणू हाही एक छोटा प्रोग्रॅमच होय. पण तो स्वतंत्र राहत नाही. दुसऱ्या प्रामाणिक प्रोग्रॅमच्या अंगात शिरून तो जगतो. आणि तो यजमान प्रोग्रॅम कोणी चालविला, की त्याच्याबरोबर हाही जागा होतो. जी फाईल कधी चालविलीच जात नाही, तिच्यात शिरून त्याचा काही लाभ नाही.

हे कसे घडते, ते आपल्या ओळखीच्या दृष्टान्ताने पाहू. देवळाच्या जत्रेतील नाटकात विंगेत उभा राहून वही वाचणारा प्रॉम्प्टर तुम्ही पाहिला असेल. आता असा एक प्रॉम्प्टर कल्पा, की जो वहीत लिहिलेले अक्षरशः पाळतो. स्वतःची बुद्धी म्हणून काडीइतकीही वापरीत नाही. आपला संगणक नेमका असाच आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते, "नाटकाचा आरंभ पृष्ठ 5 पासून." एखाद्या रात्री कोणी लबाड मनुष्य येतो, वहीच्या शेवटी दोन पाने चिकटवितो आणि पहिल्या पानावरील 5 हा आकडा खोडून तेथे 81 लिहून ठेवतो. एक्याऐंशीव्या पानावर मजकूर असतो : "प्रथम हीच दोन पाने आसपासच्या प्रत्येक वहीला चिकटवावी, त्या वह्यांच्याही पहिल्या पानावरचा आकडा बदलावा, आणि मग पृष्ठ 5 वर जाऊन नाटक सुरू करावे." प्रॉम्प्टर निमूटपणे तसे करतो. नाटक ठरल्याप्रमाणे रंगते. प्रेक्षकांना काही म्हणजे काहीच कळत नाही. फार तर पडदा उघडावयास क्षणभर उशीर होतो. पण त्या क्षणात मंडळींच्या सगळ्या वह्या बाधित झालेल्या असतात.

फाईलला जडणाऱ्या विषाणूची सर्वसाधारण रीत हीच होय. तो यजमानाच्या शेवटी आपले अंग जोडतो, आरंभाचा पत्ता बदलतो, आधी स्वतःचे काम उरकतो आणि मग यजमानाला त्याचे काम करू देतो. यजमान मेला तर आपणही मेलो, हे जाणणाऱ्या बांडगुळासारखे त्याचे हे वागणे असते.

या रोगाला 'विषाणू' हे नाव कसे पडले, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन हा विद्यार्थी शिकत होता. 1983 च्या नोव्हेंबरात त्याने असा स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम तयार करून आपल्या वर्गात दाखविला. त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी त्यास 'व्हायरस' हे नाव सुचविले. सजीवाच्या पेशीत शिरून, तिच्याच साधनांनी आपल्या प्रती काढणाऱ्या जैविक विषाणूशी त्याचे साम्य स्पष्टच होते. पुढे कोहेन यांनी गणिताने आणखी एक गोष्ट सिद्ध केली : झाडून सारे विषाणू अचूक ओळखील आणि निर्दोष प्रोग्रॅमवर कधीही खोटा आळ घेणार नाही, असा परिपूर्ण परीक्षक निर्माण होणे अशक्य आहे. अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हा सिद्धान्त विसरू नये.

प्रयोगशाळेतील हा प्रकार लवकरच जगात पसरला. 1987 साली जेरुसलेम शहरात एक विषाणू आढळला आणि त्या शहराचेच नाव त्याला मिळाले. तो एकदा जागा झाला की संगणकाच्या कार्यस्मृतीत ठाण मांडून बसे, आणि त्यानंतर चालविल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला जडे. एका जातीच्या फाईलची लांबी त्यामुळे नेमकी 1813 बाइटनी वाढे. दुसऱ्या जातीच्या बाबतीत मात्र त्याच्या कर्त्याची चूक झाली होती. ही फाईल आधीच बाधित आहे, हे विषाणूला ओळखता येत नसे; म्हणून तो तीच ती फाईल पुन्हा पुन्हा बाधित करी आणि ती फुगत फुगत अखेर उघडेनाशी होई. ज्या दिवशी 13 तारीख व शुक्रवार एकत्र येत, त्या दिवशी चालविलेला प्रत्येक प्रोग्रॅम तो पुसून टाकी. असा पहिला दिवस 13 मे 1988 हा होता.

फाईलची लांबी वाढली की संशय येतो. पुढच्या विषाणूंनी हीही खूण लपविली. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' हा विषाणू 1998 साली पसरला. त्याची लांबी सुमारे एक हजार बाइट. विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये भागाभागांमध्ये काही कोरी जागा राहिलेली असते. हा विषाणू आपले तुकडे करून त्या कोऱ्या जागांत बसे. आपल्या दृष्टान्तात बोलावयाचे तर, वहीला पाने न चिकटविता दोन प्रवेशांमधील कोऱ्या जागेत त्याने लिहिले होते. वहीची जाडी होती तितकीच राहिली. 26 एप्रिल 1999 रोजी त्याने आपले खरे रूप दाखविले. त्या दिवशी सुरू केलेल्या बाधित संगणकांच्या हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग त्याने निरर्थक मजकुराने भरून टाकला, आणि काही संगणकांत तर यंत्र सुरू होण्यास लागणारी, मुख्य पाटीवरील चिपमध्ये साठविलेली आज्ञावलीच बिघडवून टाकली. चेर्नोबिलचा अपघात 1986 साली याच तारखेस झाला होता. म्हणून लोक या विषाणूलाही चेर्नोबिल म्हणू लागले.

काही विषाणूंची लबाडी याहून सूक्ष्म असते. ते आपला मजकूर गुप्तलिपीत ठेवतात आणि प्रत्येक नव्या प्रतीत ती लिपी बदलतात. एकच मनुष्य दर वेळी निराळ्या अक्षराने लिहू लागला, तर हस्ताक्षरावरून त्याला पकडावे कसे? 2003 साली प्रथम आढळलेला 'सॅलिटी' आणि 2006 च्या सुमाराचा 'व्हिरुट' हे या वर्गातले. सॅलिटी हा पेनड्राइव्हवरून सहज प्रवास करतो. तो अँटिव्हायरस बंद पाडतो, यंत्रात काय चालले आहे हे दाखविणारा 'टास्क मॅनेजर' उघडू देत नाही, आणि दुरुस्तीसाठी विंडोज मोजक्या सामग्रीवर सुरू करण्याची जी 'सेफ मोड' नावाची वाट असते, तीही मोडून ठेवतो. घरात शिरलेल्या चोराने आधी कुत्र्याला गप्प करावे, दिवा मालवावा आणि मग मागचे दारही बंद करावे, तसा हा प्रकार. आपल्या शाळेतील यंत्राची लक्षणे याच जातीची होती.

अँटिव्हायरस विषाणूला ओळखतो तरी कसा? त्याच्या मुख्य रीती तीन. पहिली रीत खुणेची. ज्ञात विषाणूच्या मजकुरातील एखादा वैशिष्ट्यपूर्ण अंश टिपून ठेवावयाचा आणि प्रत्येक फाईलमध्ये तो शोधावयाचा. या खुणांची यादी रोज वाढत असते. म्हणून वर्षभर अद्ययावत न केलेला अँटिव्हायरस हा गेल्या वर्षीच्या चोरांचीच छायाचित्रे घेऊन उभा असलेला शिपाई होय. दुसरी रीत वर्तनाची. प्रोग्रॅम काय म्हणतो याकडे न पाहता तो काय करतो, हे पाहावयाचे. एखादा साधा खेळ जर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाईली उघडून त्यांत लिहू लागला, तर त्याला तेथेच अडवावयाचे. तिसरी रीत मोजणीची. निरोगी अवस्थेत प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून गणिताने एक संख्या काढून ठेवावयाची आणि पुढे ती ताडून पाहावयाची. मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी संख्या बदलते. सीआयएच वहीची जाडी लपवू शकला. पण ही संख्या त्याला लपविता आली नसती.

या कामात मराठी माणसांचाही वाटा आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करण्याचे काम करीत. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बाधित असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते. त्यांनी ते विषाणू काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 1990 नंतरच्या दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस निर्माण झाला.

आता निर्मूलनाकडे वळू. येथे एक तत्त्व सर्वांत महत्त्वाचे आहे : रोगी यंत्राच्याच हातून त्या यंत्राची शुश्रूषा करवून घेऊ नये. कारण विषाणू कार्यस्मृतीत बसलेला असताना आपण जे जे उघडू ते ते तो पाहत असतो. 1989 साली बल्गेरियातून पसरलेला 'डार्क ॲव्हेंजर' हा विषाणू तर फाईल नुसती उघडली तरी तिला जडत असे. परिणाम असा होई, की तपासणीसाठी एकामागून एक फाईली उघडणारा जुना अँटिव्हायरसच, विषाणू जागा असताना चालविला तर, रोग घरभर पोहोचवी. प्रॉम्प्टरच फितूर झालेला असता त्याच्याच हाती वह्या तपासावयास देण्यासारखे हे झाले.

म्हणून संशय येताच प्रथम संगणकाची इंटरनेटची व शाळेतील इतर यंत्रांशी असलेली जोडणी तोडावी. त्याला लावलेला पेनड्राइव्ह काढावा, पण तो दुसऱ्या कोणत्याही यंत्राला लावू नये. त्याच्यावर खूण करून तो बाजूस ठेवावा. त्या संगणकावरून बँकेचे वा टपालाचे कोणतेही काम करू नये, कारण आजचे कित्येक विषाणू आपल्याबरोबर पासवर्ड चोरणारे साथीदारही आणतात. आणि मुख्य म्हणजे, काहीही पुसू नये. मी जी घाई केली ती करू नये.

नंतर एखाद्या निरोगी संगणकावर, विश्वासू अँटिव्हायरसच्या कर्त्यांनी दिलेली 'रेस्क्यू डिस्क' उतरवून घ्यावी. तिची सीडी करता आली तर उत्तम. कारण एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर विषाणूला पुढे काही लिहिता येत नाही. आजारी संगणक या डिस्कवरून सुरू करावा. असे केले असता त्याचे स्वतःचे विंडोज झोपलेलेच राहते, बाहेरून आलेली निरोगी प्रणाली कामास लागते, आणि झोपलेला विषाणू ही इतर मजकुरासारखा नुसता मजकूर उरतो. तो लपू शकत नाही, प्रतिकार करू शकत नाही. विंडोज 10 व 11 मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन' या नावाची अशीच सोय आहे. ती यंत्र पुन्हा सुरू करते आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधी तपासणी करते. तथापि डिस्क बाहेरून आणणे हे अधिक खात्रीचे.

तपासणी सगळ्या फाईलींची करावी. केवळ ठरावीक भागांची नव्हे. बाधित फाईल सापडली म्हणजे अँटिव्हायरस दोहोंपैकी एक गोष्ट करतो. शक्य असेल तेथे तो विषाणूचे अंग कापून काढतो आणि आरंभाचा मूळ पत्ता परत लिहितो. म्हणजे चिकटविलेली पाने फाडून पहिल्या पानावर पुन्हा 5 हा आकडा घालतो. परंतु काही विषाणू यजमानाच्या मजकुरावरच आपला मजकूर लिहितात. मूळ अक्षरेच गेल्यावर ती परत आणणार कोठून? अशी फाईल काढून टाकणे आणि तो प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहून नव्याने घेणे, एवढाच मार्ग राहतो. व्हिरुटसारखे विषाणू सदोष लिहिलेले असल्यामुळे जडताना यजमानाची मोडतोड करतात. त्यांच्या बाबतीत स्वच्छ केलेल्या फाईलीवरही भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी सारे पुसून विंडोज नव्याने घालणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो.

म्हणजे मला दिलेला सल्ला मुळात चुकीचा नव्हता. चुकला तो क्रम. पुसण्यापूर्वी रेस्क्यू डिस्कवरून यंत्र सुरू करून मजकूर, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे दुसऱ्या साधनावर काढून घ्यावयाची असतात. प्रोग्रॅम मात्र एकही घ्यावयाचा नाही. 'ईएक्सई' आणि 'एससीआर' या अक्षरांनी संपणाऱ्या फाईली तेथेच सोडाव्या. 'एचटीएमएल' जातीची पानेही घेऊ नयेत, कारण व्हिरुट त्यांतही घातक पत्ते घालून ठेवतो. टंकलिखित मजकुराबाबतही एक सावधगिरी हवी. वर्डच्या फाईलमध्ये 'मॅक्रो' नावाच्या छोट्या आज्ञा असू शकतात, आणि 1995 साली आढळलेला 'कन्सेप्ट' हा विषाणू त्यांच्याच आश्रयाने पसरला होता. म्हणून काढून घेतलेला सारा ऐवज नव्या, अद्ययावत यंत्रावर तपासून मगच उघडावा. शेवटी निरोगी संगणकावर बसून सर्व पासवर्ड बदलावे.

आणखी एक गोष्ट. हा रोग एका यंत्राचा कधीच नसतो. प्रयोगशाळेतील दहा संगणकांपैकी नऊ स्वच्छ केले, एक राहिला. किंवा सगळे संगणक स्वच्छ केले, पण कपाटातला एक पेनड्राइव्ह राहिला. तर आठवड्याभरात पहिले दिवस परत येतात. जुने प्रोग्रॅम साठविलेले पेनड्राइव्ह, विंडोजने आपोआप जपलेल्या जुन्या अवस्थांच्या प्रती, ही सारी रोगाची बीजे होत. शेतातील तण काढताना एक मुळी राहिली तर काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. म्हणून सगळी यंत्रे व सगळे पेनड्राइव्ह एकाच वेळी तपासावे, आणि शेवटचे यंत्र स्वच्छ होईपर्यंत जोडणी पूर्ववत करू नये.

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावे लागतात. रोजचे काम प्रशासकाच्या अधिकाराने करू नये. साध्या खात्यावरून काम केले असता विषाणूला इतर प्रोग्रॅमच्या फाईलींत लिहिण्याची मुभा सहसा मिळत नाही. विंडोज अद्ययावत ठेवावे. विंडोज 7 ची नेहमीची देखभाल 14 जानेवारी 2020 रोजी संपली. तरीही जे संगणक त्याच्यावर चालतात, त्यांना इंटरनेटपासून व अनोळखी पेनड्राइव्हपासून दूर ठेवावे. जुन्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावताच त्यावरील प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय होती. तिचा विषाणूंनी इतका गैरफायदा घेतला की मायक्रोसॉफ्टने 2011 साली ती बंद करणारी सुधारणा जुन्या यंत्रांवरही पाठविली. फाईलच्या नावाचा शेवट नेहमी दिसू द्यावा. मग फोल्डरचे सोंग घेऊन बसलेला प्रोग्रॅम शेपटीवरून ओळखता येतो. विकत घ्यावयाचे प्रोग्रॅम फुकट मिळविण्याच्या लोभाने त्यांचे कुलूप फोडणारे प्रोग्रॅम आणू नयेत. त्यांच्या पोटातून विषाणू येण्याचा धोका फार मोठा असतो.

सर्वांवरचा नियम प्रतीचा. जे जपण्यासारखे आहे त्याची दुसरी प्रत हवी, आणि तिसरी प्रत संगणकाला न जोडलेल्या साधनावर, शक्य तर दुसऱ्या ठिकाणी हवी. हल्ली फाईलीच कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक प्रोग्रॅमही हिंडत असतात. त्यांच्यापुढे ध्वनिमुद्रणेही सुरक्षित नाहीत. परंतु जोडलेली नसलेली प्रत त्यांच्याही हाती लागत नाही. प्रत काढावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे. डार्क ॲव्हेंजर हळूहळू, थोडा थोडा मजकूर बिघडवीत असे. त्यामुळे पुष्कळांच्या प्रतीही नकळत बिघडलेल्या मजकुराच्याच निघाल्या.

असो. आपल्या शाळेत आता निरनिराळ्या तीन ठिकाणी प्रती ठेवल्या जातात, आणि बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी एका वेगळ्या, कोणाशीही न जोडलेल्या संगणकावर तपासला जातो. त्याची नोंदवही दहावीच्या मुली सांभाळतात. त्याच त्या, ज्यांनी गेल्या वर्षी गीते गोळा केली होती. मला कोणी बोल लावला नाही, पण नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आपणहून लिहिले आहे : "पुसण्यापूर्वी विचारा."

सापडलेली 9 गीते आणि या पौषात पुन्हा मिळविलेली 11 गीते मिळून आता 20 झाली आहेत. उरलेली 6 कोणाच्या घरी, कोणाच्या आजीच्या वा आत्याच्या तोंडी असतील, तर त्यांनी शाळेस अवश्य कळवावे. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते आणि प्रोग्रॅम गेला तर पुन्हा मिळविता येतो. परंतु माणसाच्या कंठातून एकदाच निघालेला स्वर पुसला गेला म्हणजे तो परत आणणारी रेस्क्यू डिस्क अद्याप कोणी बनविलेली नाही.